कष्टाची जमीन, कृपेची भाकर

अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात, दोन्ही डाकोटांत, नेब्रास्कात, मोंटानात, जुनी लुथरन चर्चं आहेत आणि त्यांना लागून दफनभूमी आहेत. तिथल्या दगडांवर नावं नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश, जर्मन. जन्म समुद्रापलीकडचा, मृत्यू इथला. सरकारकडून फुकट जमीन घेऊन ती कसणारा, पुढे गुरं पाळणारा हा माणूस. त्याच्याविषयी वाचत गेलो तेव्हा एक प्रश्न सुटेना. सरकारने त्याला सांगितलं होतं : पाच वर्षं राब, जमीन तुझी. त्याच्या धर्माने सांगितलं होतं : राबून काहीच मिळवता येत नाही, मिळतं ते देवाच्या कृपेने. या दोन सांगण्यांच्या मध्ये त्याने आयुष्य कसं काढलं? ही टिपणं त्या प्रश्नाभोवतीची आहेत.

*

कायदा असा होता. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला, अशा कुणालाही १६० एकर. सगळी फी मिळून १८ डॉलर. अट एवढीच की तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. पाच वर्षांनी दोन शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची की हा खरोखर इथे राहिला, याने खरोखर नांगर धरला. मग मालकीचा पट्टा हातात. अविवाहित बाईला आणि विधवेलाही दावा लावता येत असे.

सुमारे ४० लाख दावे लागले, पट्टे झाले १६ लाख. उरलेल्यांतले कुणी दावा विकून गेले, कुणी हरून परतले, कुणी मेले. दिलेली जमीन २७ कोटी एकर, म्हणजे देशाचा दहावा हिस्सा.

*

नॉर्वेत पिकाऊ जमीन देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. बाकी डोंगर, जंगल, खडक. तिथल्या खेड्यांत ‘हुसमान’ नावाचा वर्ग होता. मालकाच्या जमिनीच्या कडेला झोपडी, थोडा तुकडा आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर बांधलेले कामाचे दिवस. कूळच म्हणायचं, तेही कसेल त्याची जमीन होण्याची आशा नसलेलं. १८२५ मध्ये ‘रेस्टोरेशन’ नावाचं छोटं जहाज स्टाव्हांगरहून निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं त्या वाटेने गेली. ज्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर काम केलं, त्याला १६० एकर हा आकडा कसा ऐकू आला असेल! ती भूक मला लोभ वाटत नाही. आपल्या नावाची जमीन ही माणसाची फार जुनी तहान आहे आणि महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

*

त्याच्या पेटीत तीन पुस्तकं हमखास असत : बायबल, गीतांचं पुस्तक आणि मार्टिन ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली. ही प्रश्नोत्तरावली १५२९ सालची. घरच्या कर्त्याने मुलांना आणि गडीमाणसांना शिकवावी म्हणून लिहिलेली. दृढीकरणाच्या, म्हणजे आपली श्रद्धा चर्चपुढे स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या आधी, चौदा-पंधराव्या वर्षी, ती तोंडपाठ व्हावी लागे.

तिच्यात रोजच्या भाकरीसाठीच्या प्रार्थनेचा अर्थ विचारला आहे. ल्यूथरचं उत्तर ताटापुरतं राहत नाही. अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरंढोरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगलं सरकार, चांगलं हवामान, भले शेजारी, हे सगळं तो भाकरीत मोजतो. आणि आधीच सांगून ठेवतो की देव हे न मागताही देतो, दुष्टांनाही देतो. आपण प्रार्थना करायची ती हे ओळखून कृतज्ञतेने घेता यावं म्हणून.

मुलाने हे पाठ केलं तेव्हा शेत मालकाचं होतं. पंधरा वर्षांनी तेच शब्द तो स्वतःच्या मुलाकडून म्हणून घेत होता आणि दाराबाहेर त्याचं स्वतःचं शेत, स्वतःची गाय होती. त्या यादीतला एकेक शब्द त्याच्यासाठी खरा झाला होता. चांगलं हवामान मात्र अजून मागावंच लागत होतं.

*

झाडं नव्हती, तेव्हा घर मातीचं. कुरणाचं गवत शतकानुशतकं मुळांनी माती धरून बसलेलं. खास नांगराने तिचा फूटभर रुंद, चारेक इंच जाड पट्टा सोलायचा, कुदळीने तोडून विटा करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून रचायच्या. भिंती दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण पाऊस लागला की छत दोन-तीन दिवस गळत राही, चुलीवरच्या भांड्यात चिखल पडे, भिंतीतून साप निघत. बायका आतल्या भिंतींना चुना किंवा वर्तमानपत्रं लावत आणि खोल खिडकीत फुलझाडाचं डबडं ठेवत.

सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकाराने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत या घरांची छायाचित्रं काढली. सगळं कुटुंब दारापुढे उभं, शेजारी घोडे, गाय, कधी घरातला बाजाही बाहेर आणलेला. त्या चेहऱ्यांवर दैन्य दिसत नाही. आपलं जे आहे ते सगळं मांडून ती माणसं सरळ आपल्याकडे बघतात.

*

सरपण नाही म्हणून वाळलेलं शेण. आधी रानरेड्यांचं वेचून आणलेलं, रानरेडे संपल्यावर गुरांचं. रशियातून आलेल्या जर्मनांना हे काम चांगलं येत होतं. व्होल्गाकाठी आणि काळ्या समुद्राजवळ शंभर वर्षं झाडांवाचून काढलेली ही माणसं, त्यांतले पुष्कळ लुथरन. शेण आणि गवताचा काला तुडवून, थापून, कापून, वाळवून ते हिवाळ्याची बेगमी करत. शेजारच्या अमेरिकनांना सुरुवातीला किळस येई. गोवरीची चूल ज्याने पाहिली आहे, त्याला त्या ढिगाची किंमत कळेल. उणे तीस अंशांत तो ढीग म्हणजे जीव होता.

*

१८७३ ते १८७७ टोळधाड. पीक, बागेतला कांदा, वाळत घातलेले कपडे, अवजारांच्या घामट दांड्याही टोळांनी कुरतडल्या. मिनेसोटाचा गव्हर्नर जॉन पिल्सबरी याने २६ एप्रिल १८७७ हा दिवस सामुदायिक प्रार्थनेसाठी जाहीर केला. त्याच उन्हाळ्यात टोळ निघून गेले. लोकांनी कृपा मानली आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सलग चार वर्षं पीक गमावलेल्याने आभार मानायचे तरी कुणाचे?

हा टोळ पुढे जगातूनच नाहीसा झाला. जिवंत सापडलेले शेवटचे नमुने १९०२ सालचे. डोंगरातल्या नदीकाठच्या ज्या थोड्या जागी तो अंडी घालायचा, त्या वसाहतवाल्यांनी नांगरल्या आणि तिथे गुरं चारली, म्हणून तो संपला असं काही कीटकशास्त्रज्ञांचं मत आहे.

*

ग्रो स्वेन्डसेन. १८४१ मध्ये हॅलिंगडालच्या खोऱ्यात जन्म, १८६२ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिका, मग आयोवातल्या एमेट काउंटीत होमस्टेड. नवरा यादवी युद्धात सैन्यात गेला तेव्हा मुलं आणि दावा तिने सांभाळले. आईबापांना लिहिलेल्या तिच्या पत्रांत गवताचे वणवे आहेत, साप आहेत, दह्यादुधाचे बदललेले हिशोब आहेत आणि मुलांना वाचायला शिकवण्याची धडपड आहे. १८७८ मध्ये, दहाव्या बाळंतपणात ती गेली. वय ३७ च्या आसपास. तिची पत्रं १९५० मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली.

होमस्टेडर म्हटलं की नांगरामागचा पुरुष डोळ्यांपुढे येतो. पट्ट्यावर नावही बहुधा त्याचंच, कारण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला स्वतःचा दावा लावता येत नव्हता. पण पाच वर्षांचं ते ‘राहणं’, ज्याची साक्ष शेजारी देत, ते मुख्यतः बायकांनी केलेलं होतं.

*

पाळक दुर्मीळ. एकेका पाळकाकडे शेकडो मैलांत पसरलेल्या मंडळ्या. तो वर्षातून काही वेळाच येई. रविवारी घरातला कर्ता माणूस छापील प्रवचनांच्या पुस्तकातून एक प्रवचन वाचे. नॉर्वेच्या शेतकऱ्यांना हे परकं नव्हतं. हान्स नील्सेन हाउगे (१७७१–१८२४) हा शेतकऱ्याचा पोर परवानगीशिवाय प्रवचनं करत गावोगाव पायी फिरला आणि त्यासाठी वर्षानुवर्षं तुरुंगात राहिला. त्याच्यापासून साध्या माणसाने साध्या माणसांना देवाचं वचन सांगण्याची परंपरा होती.

बाळ जगेलसं वाटलं नाही तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, तो खरा धरला जाई. माणूस मेला की शेजारी पेटी ठोकत, गीत म्हणत, पुरत. पण कबरीवर तीनदा माती घालून अखेरचे शब्द म्हणणं पाळकाचं काम. तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पोहोचला की तेव्हा हा विधी होई. कडक हिवाळ्यात जमीन इतकी गोठलेली असे की पेटी वसंतापर्यंत धान्याच्या कोठारात ठेवावी लागे. दुःखाला मोकळं व्हायलाही ऋतूची वाट पाहावी लागत होती.

*

१०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला वर्षाकाठी वीस इंचांहून कमी पाऊस. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ च्या अहवालात सरकारला स्पष्ट सांगितलं की या कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही, चराऊ जमीन द्यायची तर २,५६० एकर द्या. ऐकलं कुणी नाही. जमीन विकणारे आणि रेल्वेवाले सांगत होते की नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाऊस खरंच बरा झाला आणि लोकांनी त्यावर घरं उभी केली. पुढच्या दशकात दुष्काळ आला.

कायदा हळूहळू शहाणा झाला. १९०४ मध्ये नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत ६४० एकर, १९०९ मध्ये कोरड्या राज्यांत ३२०, १९१६ मध्ये गुरांसाठी म्हणून ६४०. टिकून राहिलेला होमस्टेडर असा रँचर, म्हणजे कुरणावर गुरं पाळणारा, झाला. गेलेल्यांचे दावे विकत घेत, गव्हाचा नाद सोडत, गवत हेच पीक मानत.

*

मोठ्या रँचवाल्यांना गवताची किंमत १८८६-८७ च्या हिवाळ्याने शिकवली. तोपर्यंत गुरं उघड्यावर सोडायची आणि वसंतात गोळा करायची अशी रीत. त्या हिवाळ्यात बर्फ पडला, थोडा वितळला, पुन्हा गोठला. खालचं गवत गुरांना उकरता येईना. लाखो गुरं मेली. आजच्या जर्मनीतल्या होल्स्टाइनमध्ये जन्मलेला मोंटानाचा कॉनराड कोर्स हा बडा रँचर, त्याचीही बहुतेक जनावरं गेली. कर्ज काढून तो पुन्हा उभा राहिला.

त्यानंतर हिवाळ्यासाठी गवत कापून गंज्या घालणं, कुंपणं, गोठे हे सगळं आलं. म्हणजे मोठ्यांना त्या लहान होमस्टेडरसारखं वागावं लागलं, ज्याच्याकडे वीसच गुरं होती आणि ज्याला प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं.

*

१२ जानेवारी १८८८. सकाळ उबदार, म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेला गेली, पुरुष गुरं घेऊन बाहेर पडले. दुपारी वायव्येकडून वादळ आलं. बर्फ पिठासारखा बारीक, हात पुढे केला तर दिसेना. मृतांचा नेहमी सांगितला जाणारा आकडा २३५ आहे, काहींच्या मते त्याहून बराच जास्त. त्यांत शाळेची मुलं पुष्कळ. गोठा आणि घर यांच्या मधल्या पन्नास पावलांत माणसं चुकली आणि मेली.

ही माणसं मेहनतीत कमी पडली नव्हती. कष्ट आणि फळ यांचा सरळ हिशोब त्या मैदानावर चालत नाही. ल्यूथरची शिकवण त्यांना का धरून ठेवता आली, हे मला इथे कळतं. संकट ही पापाची शिक्षा आणि समृद्धी हे पुण्याचं बक्षीस, असं ती म्हणत नाही.

*

होमस्टेडरच्या मरणाचं सर्वांत खोल चित्र ओले रोल्व्हाग याने काढलं. १८७६ मध्ये नॉर्वेच्या डन्ना बेटावर जन्मलेला हा कोळ्याचा मुलगा, १८९६ मध्ये साउथ डाकोटात आला, शेतगडी झाला, पुढे सेंट ओलाफ कॉलेजात प्राध्यापक. त्याची कादंबरी नॉर्वेजियनमध्ये १९२४-२५ साली आणि इंग्रजीत ‘जायंट्स इन द अर्थ’ या नावाने १९२७ साली आली.

तिच्या शेवटाकडे हान्स ओल्सा वादळात गुरं वाचवायला जातो, गारठतो आणि अंथरुणाला खिळतो. त्याला पाळक हवा आहे. मित्रासाठी पेर हान्सा बर्फावरच्या फळ्या पायाला बांधून निघतो आणि परतत नाही. वसंतात तो एका जुन्या गवताच्या गंजीला टेकलेला सापडतो, तोंड पश्चिमेकडे. पेर हान्साला स्वतःला ठाऊक आहे की या वादळात जाणं वेडेपणा आहे. देव पाळकावाचूनही क्षमा करील, असंही त्याला वाटतं. त्याची बायको बेरेट हिला तसं वाटत नाही. तो जातो तो तिच्या शब्दाखातर, मित्राच्या भीतीखातर. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या बळावर विश्वास ठेवला, तो दुसऱ्याच्या आत्म्यासाठी मरतो. कष्ट आणि कृपा यांची गाठ या पुस्तकाइतकी घट्ट मला कुठे दिसली नाही.

*

आता ज्यांची ती जमीन होती त्यांच्याकडे यावं लागतं.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटात डाकोटा या मूलनिवासी लोकांनी शस्त्र उचललं. सरकारशी झालेल्या करारातली रक्कम वेळेवर आली नव्हती, माणसं उपाशी होती. युद्धात शेकडो वसाहतवाले मारले गेले, त्यांत नॉर्वेजियन आणि स्वीडिश कुटुंबंही होती. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅंकेटो गावात ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. सहा दिवसांनी होमस्टेड कायदा अमलात आला.

१८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर दिले. तोच आकडा. ‘उरलेली’ जमीन वसाहतीसाठी उघडली. १८८७ मध्ये मूलनिवासींकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ पर्यंत ४.८ कोटी उरले. नॉर्थ डाकोटातल्या स्पिरिट लेक राखीव क्षेत्रात १९०४ पासून स्कँडिनेव्हियन लोक आले. गरीब होते, कित्येक जण डाकोटा मालकांच्या जमिनी वाट्याने कसत. तरी १९२९ पर्यंत तिथे डाकोटांपेक्षा जास्त जमीन त्यांच्याकडे होती. कॅरन हॅन्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हे सगळं खणून काढलं. त्यांची पणजीच तिथली होमस्टेडर होती.

*

मंडळीतल्या बायकांचं मंडळ असे. विणकाम, अंडी, लोणी विकून पैसा उभा करायचा. चर्चची घंटा त्यातून येई आणि दूरदेशीच्या मिशनलाही मदत जाई. त्यातला काही पैसा भारतात आला. नॉर्वेचा स्क्रेफ्सरुड आणि डेन्मार्कचा बोरेसन यांनी १८६७ मध्ये संथाळ परगण्यात सुरू केलेल्या मिशनला अमेरिकेतल्या नॉर्वेजियन मंडळ्या हातभार लावत.

संथाळांनी १८५५ मध्ये ‘हूल’ म्हणजे उठाव केला होता, सावकार आणि जमीनदार त्यांच्या जमिनी गिळत होते म्हणून. डाकोटांच्या गेलेल्या जमिनीवर कोंबड्या पाळून मिळालेलं नाणं, जमिनी गेलेल्या दुसऱ्या आदिवासींच्या कामी आलं. त्या बायकांची करुणा खरी होती, यात मला शंका नाही. शेजारच्या डाकोटा बाईपर्यंत ती पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

*

भाषेपायी वसाहतवाल्यांनाही सोसावं लागलं. पहिल्या महायुद्धात आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये सार्वजनिक जागी, चर्चमध्ये, टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज भाषा बोलायला बंदी केली. नेब्रास्कात १९१९ च्या कायद्याने आठवी पार न केलेल्या मुलांना परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरलं. हॅम्प्टन गावाजवळच्या लुथरन शाळेतला शिक्षक रॉबर्ट मेयर दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवताना पकडला गेला. दंड २५ डॉलर. त्याने तो मुकाट भरला नाही, लढला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. मुलांना कसं शिकवायचं हा आईबापांचा आणि शिक्षकांचा हक्क, या मताला अमेरिकेत आजही त्या निकालाचा आधार घेतात.

*

मोंटानात १९०९ नंतर होमस्टेडरांचा लोंढा आला. १९१७ पासून दुष्काळ. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या निम्म्या बँका बुडाल्या आणि हजारो कुटुंबांनी दाराला कडी लावून वाट धरली. मग १९३० च्या दशकात धूळवादळं. १९३४ च्या कायद्याने उरलेली सरकारी चराऊ जमीन नियमांखाली आली आणि अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या ४८ राज्यांतला होमस्टेडचा काळ जवळजवळ संपला.

राहिले ते रँचर. फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्यरात्री विणाऱ्या गाईजवळ कंदील धरून बसायचं, जूनमध्ये डागणी, जुलैत गवत, शरदात विक्री. एका म्हाताऱ्याच्या आयुष्यात अशी पन्नास वर्षं. पट्ट्याचा कागद पेटीत, प्रश्नोत्तरावलीशेजारी.

*

त्याच्या अंत्यविधीत पाळक त्याची कर्तबगारी फारशी सांगत नसे. किती एकर, किती गुरं, किती बर्फ सोसला, यातलं काही तिथे तारण म्हणून चालत नाही. बाप्तिस्म्यात जे फुकट मिळालं तेवढंच चालतं. त्या मैदानावरची इतर सगळी व्यवस्था, सरकार, बँक, बाजार, त्याला कामावरून मोजत होती. हाच एक तास त्याला तसं मोजत नव्हता. दमलेल्या माणसासाठी हे फार मोठं होतं, असं मला मनापासून वाटतं.

*

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन मंडळीने आपल्या राष्ट्रीय सभेत एक ठराव केला. ख्रिस्ती राजांनी ‘शोधलेली’ भूमी त्यांचीच, या जुन्या सिद्धान्ताचा तिने धिक्कार केला आणि मूलनिवासींविषयीचा आपला दोष कबूल केला.

मला हा ठराव त्या रँचरच्या श्रद्धेशी सुसंगत वाटतो. कष्टाने मिळवलं म्हटलं की हक्क सांगता येतो. कृपेने मिळालं म्हटलं की आभार मानता येतात. कुणाकडून घेतलं गेलं, हा तिसरा प्रश्न या दोन्ही उत्तरांत बसत नाही आणि होमस्टेडरच्या पिढीने तो क्वचितच विचारला. पण लुथरन उपासना आभाराने सुरू होत नाही, पापकबुलीने होते. त्याचे कष्ट खरे होते, त्याची श्रद्धा खरी होती, आणि देणंही खरं आहे. ते त्याच्या हयातीत फिटलं नाही. जमिनीबरोबर ते वारसांकडे आलं आहे. ठरावाने ते मान्य झालं, आता किती एकर परत जातात यावर त्या कबुलीची किंमत ठरेल.